पिवळीचा दुखवटा

दिवस ठरवणारी उरली नव्हती, म्हणून या वर्षी तिघांनी तीन दिवस ठरवले.

विन्हने कान थोहून फोन केला आणि सांगितलं, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पानं काढायची. त्याच्या बहिणीने, लान्हने, सायगॉनहून कळवलं, टेटसाठी, म्हणजे नव्या वर्षासाठी, शिवायला आलेले कपडे दुकानाच्या छताला लागलेत, पौर्णिमा उलटल्याशिवाय ती हलू शकत नाही. थोआ, धाकटी सून, घरातच होती, अंगणातलं पिवळीचं झाड तिला उठल्याबसल्या दिसत होतं. तिने दोघांनाही "बरं" म्हटलं आणि आपल्या मनातला दिवस मनातच ठेवला. शेवटी विन्हचा दिवस राहिला. तो थोरला होता आणि त्याचा आवाज मोठा होता. नदीवरच्या फेरीबोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलायची सवय कुठून असणार? फेरी बंद होऊन पूल आला त्यालाही आता वर्षं झाली होती, पण आवाज अजून पैलतीराशीच बोलत असे.

आई असती तर फोन झालेच नसते. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात एखाद्या सकाळी ती अंगणात जायची, पिवळीची एक कळी नखात धरून दाबायची, आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "अमक्या दिवशी या." मग सगळे यायचे. झाडाचं एकूण एक पान हाताने खुडायचे. उघडं पडलेलं झाड दचकल्यासारखं कळ्या फुगवू लागायचं आणि नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी पिवळंधमक होऊन उभं राहायचं. कळीत ती काय बघायची, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने आधी नाहीच म्हटलं असतं. आईचं सगळं नाहीपासून सुरू व्हायचं. लान्हचं सायगॉनला जाणं, पाण्याचा पंप, विन्हने शहरातली बायको करणं, सगळ्याला आधी नाही, मग दोन दिवस अबोला, मग विडा चघळत स्वतःच येऊन, "मग कधी म्हणतोस?"

पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली. तिच्याशिवायचा हा पहिला टेट.

लान्ह पहाटेच्या बसने आली ती पिशवी ओसरीवर टाकून तशीच झाडापाशी गेली. नदीच्या बाजूची एक फांदी तिने खाली वाकवली आणि ओरडली, "आहे! माझी आहे अजून!"

आईला नेलं त्या दिवशी अंगणातल्या प्रत्येक झाडाला पांढरी पट्टी बांधली होती. धनी गेल्यावर झाडांनाही दुखवटा पाळू द्यावा लागतो, नाहीतर ती धन्यामागे जातात. आंब्याला, सुपारीला एकेक पट्टी पुरली. पिवळीला मात्र सगळ्यांनीच आपापली बांधली, कारण ती आईची होती. बाकीच्यांच्या पट्ट्या जाळीच्या कापडाच्या. पहिल्या दोन महिन्यांच्या पावसात त्या विरून गेल्या. लान्हने दुहेरी जाड कापड घेतलं होतं, कडा दुमडून शिवल्या होत्या, आणि वरून मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने करकचून गाठी मारल्या होत्या.

"तुझी कशी जाईल?" शिडीवरून विन्ह म्हणाला. "बांधलीस का टाके घातलेस?"

"दोन्ही."

"झाडालासुद्धा गिऱ्हाईक समजलीस काय?"

"गिऱ्हाइकाचं मी एवढं पक्कं करत नाही दादा. ती परत यायला हवीत."

विन्हची बायको क्वेन प्लॅस्टिकच्या ठेंगण्या स्टुलावर बसून खालच्या फांद्या करत होती. हातात रबरी मोजे होते. लान्हने ते बघितले आणि तिला राहवलं नाही.

"वहिनी, मोजे घालून पानं काढतेस? आई बघत असेल वरून."

"बघू दे. मोज्यांशिवाय बघितलं तर ओळखायच्या नाहीत मला."

विन्ह हसला. लान्हही हसली. या दोघी एकमेकींना लागट बोलत, पण कुणी कधी रडलं नव्हतं. रडण्याइतकी जवळीकच नव्हती म्हणा.

"दादा, खाली ओढू नका हो," थोआ झाडाच्या पलीकडून म्हणाली. "देठाशी धरून मागे वाकवा. खाली ओढलं की सालीची चिंधी निघते आणि काखेतली कळी जाते."

"झालं! बोटीवर तीनशे माणसं चढवली-उतरवली, आणि आता एक पान काढायला शिकतोय."

"माणसांना काखेत कळी नसते," थोआ म्हणाली, आणि तिच्याच बोलण्याचं तिला हसू आलं. ती धाकट्या भावाची, खिएमची बायको. खिएम तापाने गेला तेव्हापासून ती आणि आई अशा दोघीच या घरात होत्या. तिच्या ब्लाउजवर छातीपाशी दुखवट्याची काळी चिंधी पिनेने अडकवलेली होती. विन्हने आणि लान्हने आपापल्या चिंध्या शहरात केव्हाच कपाटात ठेवल्या होत्या. आज येताना तेवढ्या लावून आले होते.

पानं पडत राहिली. कोंबड्या खालून ती उकरत होत्या. लान्ह आपल्या फांदीवर आली, चार-सहा पानं काढली आणि थबकली.

"अगंबाई. दादा, उतर. उतर खाली!"

इतर फांद्यांवरच्या कळ्या अजून तपकिरी टरफलात घट्ट मिटलेल्या होत्या. या एका फांदीवर मात्र टरफलं फुटून गळून गेली होती आणि हिरव्या मण्यांचे झुबके बाहेर लोंबत होते. एकेका काखेत दहा-दहा मणी. काहींच्या टोकाला पिवळी रेघसुद्धा दिसत होती.

"एवढ्या कळ्या मी जन्मात बघितल्या नाहीत," विन्ह म्हणाला.

"माझी फांदी." लान्हचे डोळे भरून आले. "आईने माझी फांदी निवडली रे. मी उशिरा आले, शवपेटीचं झाकण लागल्यावर आले, माझं तोंडसुद्धा नाही बघितलं तिने. आणि आता बघ."

विन्हने फोन काढून फोटो घेतला. मग लान्हला फांदीशेजारी उभं करून आणखी एक घेतला.

"थोआ, तू बघितलं होतंस हे?"

"हो अक्का."

"आणि मला साधा फोन नाही केलास?"

थोआच्या हातात खुडलेल्या पानांची मूठ होती. ती तिने सोडली नाही. "मडक्यातला मासा लागेल," ती म्हणाली आणि आत गेली.

मासा लागणार नव्हता. विस्तव केव्हाच मंद केलेला होता. थोआने तरी झाकण काढून बघितलं, मिरी घातली, झाकण ठेवलं. मागच्या दारातून कालवा दिसत होता, आणि कालव्यापलीकडे दिएनची रोपवाटिका, बोगनवेलींच्या रांगा.

दिएनने एकदाच विचारलं होतं. पावसाळा संपत आला होता, ती त्याच्याकडे कलमाची पट्टी मागायला गेली होती. तो फांदीला डोळा बसवत होता, मान वर केली नाही. "तुझा दुखवटा फिटला की सांग," एवढंच म्हणाला. त्याचीही बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोआने उत्तर दिलं नाही. घरी येताना होडीत तिला कळलं की आपण वल्हं उलट्या बाजूने मारतोय.

उत्तर दिलं नव्हतं तरी बाजारात सगळ्यांना माहीत होतं. बाजाराला उत्तर लागत नाही.

आणि मग पाऊस थांबल्यावर एका सकाळी तिला तो दोरा दिसला. आई गेल्यापासून ती पिवळीला वेड्यासारखं खायला घालत होती: कोळंबीची सालं, नदीचा गाळ, तांदळाचं धुवण. झाड नको तेवढं जोमाने वाढलं. लान्हच्या फांदीने अंग धरलं, दोऱ्याने धरलं नाही. पट्टीच्या वर फांदी सुजल्यासारखी जाड झाली होती, खाली बारीक, आणि दोरा मधल्या खाचेत रुतून सालीखाली दिसेनासा झाला होता.

ती आतून कात्री घेऊन आली होती. दोऱ्याची एकच गाठ वर उरली होती, तिच्यावर तिने कात्रीचं टोक ठेवलंही. तेवढ्यात कालव्यातून भाजीची होडी गेली. होडीतल्या बाईने हात हलवला. थोआने हात हलवला, कात्री पाठीमागे धरून. आणि तिला ते वाक्य ऐकू आलं. अजून कुणी म्हटलेलं नव्हतं, तरी पूर्ण ऐकू आलं. सासू जाऊन वर्ष नाही झालं आणि सुनेने दुखवट्याची पट्टी कापली, समोर तो उभाच आहे.

दुखवटा फिटायला अजून पुढचाही टेट जायचा होता. तिने कात्री जागेवर ठेवून दिली. पुढे कळ्या फुटू लागल्या तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली की फांदी बरी आहे. आज लान्हचे भरलेले डोळे बघितल्यावर ती समजूत टिकेना.

अंगणातून क्वेनचा आवाज आला. "अहो, जरा इकडे या. लान्ह, तूही ये. थोआला बोलवा."

क्वेनला झाडातलं काही कळत नव्हतं आणि कळतं असं तिने कधी भासवलंही नाही. चिखल, डास, मागच्या दारचा ओला ओटा, या घरातलं सगळंच तिला नकोसं होई. पण लान्हच्या फांदीचं कौतुक बघायला ती उठली, पट्टीपाशी तिची नजर गेली आणि तिने उजव्या हातातला मोजा काढला.

"हे माझ्या बोटासारखं आहे," ती म्हणाली.

"कसलं बोट?" विन्ह म्हणाला.

"अंगठीचं. गेल्या वर्षी सुजलं होतं ते. आठवतंय? आधी काय छान दिसत होतं, गुलाबी, गुबगुबीत. तुम्हीच म्हणालात, अंगाला लागलंय तुझ्या. मग चार दिवसांत निळं पडलं आणि सोनाराने अंगठी कापून काढली." तिने बोट फांदीच्या खाचेत घातलं. "हे बघा. वर गुबगुबीत, खाली काडी. ही फुललेली नाहीये. ही गुदमरतेय."

लान्ह पुढे आली. तिने वाकून बघितलं. नखाने पट्टीखालची साल खरवडली. ती कोरडी निघाली, भुसा पडला. वरची पानं आत्ताच काढलेली होती, त्यातली दोन तिने उचलून बघितली. कडा करपलेल्या होत्या.

"मरतेय?" लान्हने विचारलं. कुणाला विचारलं ते नीट कळलं नाही.

"मरायच्या आधी झाड सगळं फुलून टाकतं," थोआ ओसरीच्या पायरीवरून म्हणाली. "टेटपर्यंत ही सगळी फुलेल आणि उभ्या उभ्या वाळेल. मग ते वाळणं खाली उतरेल, बुंध्यात."

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"कधी?"

"पाऊस थांबला तेव्हा."

"आणि तू गप्प बसलीस! आईच्या झाडाला फास बसलाय आणि तू कोळंबीची सालं घालत बसलीस? दोरा नव्हता कापता येत? एक दोरा?"

"कापला असता तर तुम्ही काय म्हणाला असता, अक्का?"

काय म्हटलं असतं ते अंगणातल्या चौघांनाही शब्दन्शब्द माहीत होतं. कोंबड्यासुद्धा त्या वेळी गप्प होत्या, असं क्वेनला नंतर आठवत राहिलं. पण ते खरं नसावं.

"म्हटलं असतं," शेवटी लान्ह म्हणाली. "फोनवर म्हटलं असतं. आणि दुकानात मुलींनाही सांगितलं असतं."

"म्हणून नाही कापला."

"पण मग ते खरं आहे की खोटं? दिएनचं?"

"लान्ह," क्वेन म्हणाली.

"विचारू दे वहिनी. सगळा बाजार बोलतो, घरातल्यांनीच का विचारायचं नाही?"

थोआ पायरीवरून खाली उतरली. "त्याने विचारलंय. मी काही बोललेली नाही. तुम्ही नको म्हणालात तर बोलणारही नाही. पण मला सांगा तरी. मी इथे आईंची सून म्हणून राहायचं की राखणदार म्हणून, ते सांगा. दोन्हीला मी तयार आहे. नुसतं लोंबत नका ठेवू."

सगळ्यांनी विन्हकडे बघितलं.

विन्हला त्या क्षणी झाड दिसत नव्हतं. त्याला आतला देव्हारा दिसत होता, आई-वडिलांचे आणि खिएमचे फोटो, रोजची उदबत्ती, महिन्याच्या पहिल्या दिवसाचं आणि पौर्णिमेचं पान-फूल, श्राद्धाची चार ताटं. थोआ कालव्यापलीकडे गेली की हे सगळं त्याच्याकडे येणार. कान थोतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून इथे यावं लागणार, आणि क्वेन येणार नाही. किंवा येईल आणि रोज मोजे घालेल. थोआचा दुखवटा लांबला तर हे सगळं लांबेल. गेले कित्येक महिने तो हाच हिशोब करत होता, आणि त्याला तो थोरल्याने करायचा विचार वाटत होता.

"मुदत असते," तो म्हणाला. "दुखवट्याला मुदत असते. पट्टी मुदतीआधी सोडायची नाही. झाडाची काय अन् माणसाची काय."

"म्हणजे फांदी मरू द्यायची?" क्वेनने विचारलं.

"मी असं म्हटलं का?"

"दुसरं काय म्हटलंत? पट्टी राहिली तर फांदी जाते. नंतर झाड जातं. मुदत संपेल तेव्हा पट्टी सोडायला काही उरणार आहे का?"

विन्हने बायकोकडे बघितलं. या अंगणात, या घरच्या माणसांसमोर, ती त्याच्याविरुद्ध कधीच बोलली नव्हती. त्याच्याशी सहमत होती म्हणून नव्हे. इथलं काही तिला आपलं वाटलंच नव्हतं.

"तू थोआच्या बाजूने कधीपासून?"

"मी बोटाच्या बाजूने आहे," क्वेन म्हणाली.

लान्ह अजून फांदी धरून उभी होती. "पट्टी सोडून उपयोग नाही दादा," ती एकदम हळू म्हणाली. "मी सोडायला तयार आहे. पण दोरा आत गेलाय. आता तो निघणार नाही, माझाच हात आहे, मला माहीत आहे मी कसा मारलाय. फांदीच घ्यावी लागेल. पट्टीच्या खालून."

"मग पट्टी सोडल्यासारखं होतं का?" थोआने विचारलं.

"नाही," लान्ह म्हणाली. "ती बांधलेलीच राहील. फांदीला."

फेरीवर पेच पडला की विन्ह भोंगा वाजवायचा. इथे त्याने पायातल्या चपला काढल्या. "आईला विचारतो," तो म्हणाला.

क्वेन उदबत्त्या घेऊन त्याच्यामागे आत गेली. देव्हाऱ्यापुढच्या बशीत दोन जुनी नाणी असत, एका बाजूला चुना फासलेली. एक पांढरं आणि एक काळं पडलं तर आईचं हो. दोन्ही सारखी पडली तर नाही. विन्हने उदबत्ती लावली, तीनदा वाकला, आणि आईच्या फोटोकडे बघून, निदान त्याच्या मानाने हळू आवाजात म्हणाला, "आई, ही फांदी पट्टीसकट कापून तुझ्यापुढे आणून ठेवू का? आणि थोआला..." तो थांबला. "थोआचं तिच्या मनासारखं होऊ देऊ का?"

खिडकीपाशी लान्ह आणि थोआ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना त्याची पाठ दिसत होती. क्वेनला मात्र बशी दिसत होती.

नाणी वाजली. दोन्ही पांढरी.

विन्हने त्यांच्यावर तळहात ठेवला. मग नाणी मुठीत घेऊन बशीत परत ठेवली आणि खिडकीकडे वळून म्हणाला, "हो म्हणाली."

"दोन्हीला?" लान्हने विचारलं.

"दोन्हीला."

थोआ खिडकीतून मागे सरली. क्वेनने उदबत्तीची राख झटकली.

घरातली करवत गंजलेली होती. तिचे दात सालीत अडकत होते, आणि फाटलेली जखम पिवळीला सोसली नसती. "बारीक दाताची पाहिजे," थोआ म्हणाली, आणि एवढंच म्हणून थांबली. बारीक दाताची करवत कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

विन्ह कालव्याच्या काठावर जाऊन उभा राहिला. त्याने तोंडापाशी दोन्ही हात धरले.

"दि-ए-न!"

पलीकडच्या बोगनवेलींमधून एक ताडपानाची टोपी वर आली. शेजारच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. भाजीच्या होडीचं इंजिन बंद झालं.

"दिएन! तुझी करवत घेऊन ये! आमच्या घरी! मागून नको, पुढच्या दाराने ये!"

"अख्ख्या जिल्ह्याला कळलं आता," लान्ह म्हणाली.

"कळू दे. फेरी सुटायच्या आधी सांगितलेलं बरं."

दिएन आला तेव्हा त्याने अंगातला शर्ट बदललेला होता. त्यामुळे त्याच्या हातात करवत आहे, हे बाकीच्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. पुढच्या दारापाशी तो उभा राहिला, चपला काढू की नको अशा विचारात. विन्हने त्याला ओसरीवर बसवलं आणि चहाचा पेला त्याच्या हातात दिला. करवत लान्हने घेतली.

"मी कापणार," ती म्हणाली. "बांधली मी."

थोआने फांदी दोन्ही हातांनी तोलून धरली. "पट्टीच्या चार बोटं खाली. तिथे साल हिरवी आहे. आधी खालून थोडं, मग वरून. नाहीतर पडताना सालटं ओढून नेईल."

लान्हने कापलं. तिच्या हाताला कापडाची सवय होती. करवत तिने कात्रीसारखीच सरळ धरली. फांदी सुटली तेव्हा तिचं सगळं वजन थोआच्या हातात आलं आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती हलकी निघाली.

ओल्या कापावर चुना लावला. फांदीचं टोक क्वेनने चुलीतल्या निखाऱ्यावर धरलं, रस आत राहावा म्हणून. असं करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, इतक्या टेटांना आईला करताना बघितलं होतं. मोजे ओसरीवर पडले होते. मग फांदी पाण्याच्या उंच भांड्यात देव्हाऱ्यापुढे ठेवली, लान्हच्या पट्टीसकट. घरातल्या उबेने संध्याकाळच्या आत पहिल्या कळीने तोंड उघडलं. टेटला अजून अवकाश होता, पण आईपुढे फुलं आली.

जेवताना दिएन मासा वाढून घेत नव्हता आणि लान्ह त्याच्या भातावर मासा घालत होती. "खा. कापड कापायच्या आधी तब्येत बघून घेते मी माणसाची," ती म्हणाली, आणि दिएनचे कान लाल झाले.

जेवण झाल्यावर लान्ह पिशवीतून कापडाचा एक तुकडा घेऊन झाडापाशी गेली. पिवळी आता पूर्ण उघडी होती, एका बाजूला मोकळी जागा पडली होती. तिने पट्टी बुंध्याभोवती घातली आणि एकच साधी गाठ मारली. थोआने खालून दोन बोटं घालून बघितली. बोटं सहज गेली.

"पावसात जाईल ही," थोआ म्हणाली.

"जाऊ दे." लान्हने थोआच्या छातीवरच्या काळ्या चिंधीकडे बघितलं. पिन गंजून ब्लाउजवर तपकिरी डाग पडला होता. "तुझ्या चिंधीचं तू बघ. ती मी शिवलेली नाही."

थोआने चिंधीवर हात ठेवला. काढली नाही. पण हात बराच वेळ तिथे होता. ओसरीवरून दिएन तिकडे बघत नव्हता, इतका बघत नव्हता की ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

सगळे आपापल्या कामाला लागले तेव्हा क्वेन मागच्या ओल्या ओट्यावर भांडी विसळायला बसली. विन्ह तिच्याशेजारी येऊन बसला, पाय कालव्यात सोडून.

"आपल्याला यावं लागेल इथे," तो म्हणाला. "देव्हाऱ्यापाशी कुणीतरी लागेल."

"माहीत आहे."

"येशील?"

क्वेनने एक ताट उलटं घातलं. "आधी एक सांगा. नाणी दोन्ही पांढरी पडली होती. मी बघितली."

विन्हने मान हलवली. त्याने पायाने पाण्यातली जलपर्णी बाजूला सारली, आणि त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खरोखर हळू झाला.

"आई कधी पहिल्यांदाच हो म्हणालीय का?"